विमानात नसलेली माणसं

दरवर्षी 6 फेब्रुवारी आली की आमच्या बेळगावच्या फुटबॉल ग्रुपवर म्युनिकचे फोटो पडायला लागतात. कॅम्पातली पोरं, टिळकवाडीतली पोरं, सगळ्यांचे स्टेटस लाल. चांगलंच आहे ते. 1958 ला बेलग्रेडहून मॅच खेळून परत येताना मँचेस्टर युनायटेडच्या टीमचं विमान म्युनिकला कोसळलं, 23 माणसं गेली, त्यात 8 प्लेयर, आणि डंकन एडवर्ड्स 15 दिवस हॉस्पिटलात झुंजून 21 व्या वर्षी गेला, आजपण वाचताना गलबलून येतं. पण त्या स्टेटसमधे जिमी मर्फीचा फोटो मी कधी बघितला नाही, आणि माझ्या मते युनायटेडची दंतकथा कुणी उभी केली असेल तर ह्या माणसानं.

मर्फी म्हणजे युनायटेडचा मॅनेजर मॅट बुस्बीचा असिस्टंट. वेल्सच्या टीमचं कामपण त्याच्याकडं होतं, त्यांची मॅच होती म्हणून तो बेलग्रेडला गेलाच नाही. बुस्बी मरणाच्या दारात, टीमच उरलेली नाही, आणि ह्यानं 13 दिवसांत शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध अकरा जण उतरवले. रिझर्व्हची पोरं, अपघातातनं वाचलेले दोघं आणि घाईत साइन केलेले दोघं. प्रोग्राममधे युनायटेडच्या नावांची जागा कोरीच छापलेली, कारण कोण खेळणार हे छापायच्या वेळी कुणालाच माहिती नव्हतं. 3-0 जिंकले. त्याच सीझनला कप फायनलपर्यंत गेले की!

इटलीच्या तोरिनो क्लबचं वेगळं. 4 मे 1949, लिस्बनहून परत येताना सुपर्गाच्या टेकडीवरच्या चर्चच्या मागच्या बाजूला विमान आदळलं, 31 जण गेले. टीम कसली होती, तर 1947 ला हंगेरीविरुद्ध इटलीच्या अकरा जणांत दहा एकट्या तोरिनोचे. लीगच्या चार मॅच राहिल्या होत्या, त्या क्लबच्या ज्युनियर पोरांनी खेळल्या, आणि समोरच्या टीमनीपण आपली ज्युनियर पोरंच उतरवली. अजून दरवर्षी 4 मेला तोरिनोचा कॅप्टन सुपर्गाला जाऊन सगळ्यांची नावं मोठ्यानं वाचतो. 17 जानेवारीला आपल्या हुतात्मा चौकात 1956 च्या सीमालढ्यातल्या हुतात्म्यांसाठी जे उभे राहतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण ह्या आठवणीचं ओझंपण असतंय. पुढचं टायटल यायला 1976 उजाडलं, मधल्या प्रत्येक पिढीला अपघातात गेलेल्या मात्सोला आणि मंडळींशी तुलना ऐकत खेळावं लागलं असणार.

आणि मग झांबिया. मी ह्या विषयावर बोलायला लागलो की सगळ्यात जास्त वेळ इथंच थांबतो.

27 एप्रिल 1993, वर्ल्डकप क्वालिफायरसाठी टीम सेनेगलला निघालेली, लष्कराचं विमान, गॅबॉनमधे लिब्रेव्हिलहून उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात पडलं. 30 च्या 30 गेले, त्यात 18 प्लेयर. कॅप्टन कलुशा ब्वाल्या हॉलंडमधे पीएसव्ही क्लबकडं खेळत होता, तिकडनं परस्पर जाणार होता, म्हणून राहिला. 1988 च्या ऑलिंपिकमधे इटलीला 4-0 नं हरवताना ह्याचीच हॅटट्रिक होती. जुलैमधे लुसाकाला नवीन टीम घेऊन मोरोक्कोविरुद्ध उतरला, फ्रीकिकवर गोल मारला, 2-1 जिंकले. नंतर शेवटच्या मॅचला फक्त ड्रॉ पाहिजे होता, 0-1 नं हरले आणि अमेरिकेचा वर्ल्डकप हुकला. 1994 ला आफ्रिका कपच्या फायनललापण पोचले, नायजेरियाकडनं हरले.

2012. आफ्रिका कप गॅबॉन आणि इक्वेटोरियल गिनी मिळून. झांबियाच्या ग्रुप मॅच, क्वार्टर, सेमी सगळं इक्वेटोरियल गिनीत. लिब्रेव्हिलला फक्त फायनल, म्हणजे तिथं जायचं तर फायनलच गाठायला पाहिजे. गाठली. मॅचच्या आधी समुद्रकाठी जाऊन फुलं वाहिली. समोर द्रोग्बाची आयव्हरी कोस्ट, द्रोग्बानं चालू मॅचमधे पेनल्टी वर घालवली, 0-0, मग शूटआउट, झांबियाची पोरं रांगेत उभं राहून गाणी म्हणतायत, 8-7. डिफेंडर मुसोंडा सुरुवातीलाच जखमी होऊन बाहेर गेलेला, जिंकल्यावर कोच रेनार्डनं त्याला दोन्ही हातांवर उचलून बाकीच्या पोरांत नेऊन ठेवलं. यूट्यूबवर तेवढा तुकडा तरी बघाच. आणि कलुशा तेव्हा त्यांच्या फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष होता.

ग्रुपवर एक मित्र म्हणाला, हे वरनं ठरलेलं होतं, नियती. मला ते पटत नाही. 19 वर्षं कलुशा आणि कितीतरी जणांनी ती टीम परत उभी केली, त्याचं श्रेय नियतीला कशाला द्यायचं?

अपघातालापण नियती म्हणून सोडून देता येत नाही. म्युनिकला धावपट्टीवर चिखलासारखा बर्फ होता, तरी दोष पायलट थेनच्या माथी मारला, तो पुसायला त्याला 1969 पर्यंत भांडावं लागलं. झांबियाच्या विमानाचा रिपोर्ट 2003 ला आला, एका इंजिनात बिघाड झाला आणि पायलटनं चुकून चालू असलेलंच बंद केलं. 2016 ला ब्राझीलच्या शापेकोएन्सेचं विमान मेडेलिनजवळ पडलं, 71 माणसं गेली, कारण इंधन जेमतेम भरलेलं आणि ते पोचायच्या आधीच संपलं. पुढच्या 6 फेब्रुवारीला मी ग्रुपवर मर्फीचा फोटो टाकणार आहे, आणि त्याच्या खाली थेनचा.