विमानाच्या शेपटीवर चादरीचा मोर

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधीचे दिवस म्हणजे आमच्या धंद्यात नुसती पळापळ. नवी पेठेत फ्लेक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, मी तिथं डिझायनर, सकाळी बसलो की शुभेच्छांचे बोर्ड, वाढदिवसांचे बोर्ड, नेत्यांचे फोटो कापा, मागचा आकाशी रंग भरा, हेच चालू. त्यात एका दुपारी एक सर आले, जुळे सोलापूरकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, सोबत नववीतलं एक पोरगं आणि त्याच्या हातात पेनड्राइव्ह. सर म्हणाले, "विमान रंगवून पाहिजे."

मालकांनी मोबाइलमधून मान न काढता विचारलं, "साइज?"

"एक हजार चोवीस बाय एक हजार चोवीस," पोरगं म्हणालं.

"फूट?"

मग मी मध्ये पडलो. प्रकार असा होता की शाळेत दुसऱ्या दिवशी विज्ञान प्रदर्शन होतं, आणि सरांनी शाळेच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स टाकला होता, तोच 2006 चा. जॉयस्टिक लावून पोरांना विमान उडवायला देणार. त्यात बोइंग 737-800 आधीपासून येतं, आणि पोराची इच्छा अशी की विमानावर मोठ्ठं "सोलापूर" पाहिजे आणि शेपटीवर आपल्या चादरीचा मोर. आता होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं ते एटीआर 72, पंख्याचं, 737 इथं कुठनं येणार, पण प्रदर्शनात एवढं कोण बघतंय.

पोरानं आदल्या रात्री स्वतः करून बघितलं होतं. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला आणि मी खरंच हसलो. विमान पांढरं, शब्द व्यवस्थित, पण शेपूट अशी चकचकत होती की स्टीलचा तांब्या परवडला, तिच्यात आख्खं आभाळ दिसत होतं. सर म्हणाले, "कॉम्प्युटर जुना आहे, ग्राफिक्स कार्डाचा प्रॉब्लेम असेल." मला तसं वाटेना, कारण कार्ड खराब असतं तर आख्खं विमान बिघडलं असतं, एकटी शेपूट कशी चमकेल.

मी पोराला विचारलं, "जुना लोगो कसा काढलास?"

"रबर फिरवला की."

तिथंच सगळं आलं. विमानाच्या अंगावरचं चित्र म्हणजे टेक्स्चर, ते या सिम्युलेटरमध्ये डीडीएस फाइलमध्ये असतं. त्यात लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल आणि चौथा अल्फा. आपण फ्लेक्सवाले अल्फा म्हटलं की पारदर्शक समजतो, मागचं काढलेलं पीएनजी वगैरे. या सिम्युलेटरच्या विमानांत मात्र बॉडीच्या अल्फाचा अर्थ चमक असा आहे, पांढरा असेल तर मॅट रंग, काळ्याकडं जाईल तसा पत्रा चमकायला लागतो. पोरानं रबर फिरवला तेव्हा तिथला अल्फा शून्य झाला, त्याच्या स्क्रीनवर ते नुसतं रिकामं दिसलं, आणि सिम्युलेटरनं वाचलं की इथं आरसा पाहिजे. वर चिकटवलेली अक्षरं पूर्ण अपारदर्शक, म्हणून ती नीट दिसली. सिम्युलेटरनं सांगितलेलं काम चोख केलं होतं, दोष कुणाचाच नव्हता.

आता प्रश्न सॉफ्टवेअरचा. दुकानात कोरलड्रॉ आहे, आणि सोलापुरात काय, महाराष्ट्रात कुठल्याही फ्लेक्सच्या दुकानात जा, कोरलच असणार. माझा हात त्यावर डोळे झाकून चालतो. मालकांचं म्हणणं सरळ होतं, "कोरलमध्ये टाक अन् दे काढून, अर्ध्या तासाचं काम हाय." पण कोरल हे रेघांचं, वेक्टरचं सॉफ्टवेअर. अक्षर, पट्टे, लोगो यात त्याच्यासारखं दुसरं नाही, मात्र चार चॅनेलचं एक चित्र उघडून त्यातला चौथा तेवढा वेगळा काढा, बघा, दुरुस्त करा आणि परत डीडीएस करून द्या, हे त्याचं काम नव्हे. दुसऱ्या मशीनवर फोटोशॉप आहे. तो या कामाचा राजा, चॅनेल वेगवेगळे दिसतात, डीडीएससाठी प्लगइन मिळतं, आणि विमानांचे जे पेंटकिट, म्हणजे रंगवायला तयार चित्रं, मिळतात ते बहुतेक फोटोशॉपच्याच पीएसडी फाइलीत असतात, म्हणजे खिडक्या, रिव्हेट, दरवाजांच्या रेघा सगळं वेगळ्या लेयरवर. पण त्या मशीनवर लग्नाचे अल्बम चालले होते, आणि दुसरं म्हणजे पोरानं पुढं घरी काय करायचं? दर महिन्याला भाडं भरून सॉफ्टवेअर घेणं त्याच्या घरच्यांना परवडणारं नव्हतं, आणि चोरीचं टाकून दे असं मी शाळेच्या सरांसमोर सांगू शकत नव्हतो (एरवी या विषयावर आमच्या लाइनमध्ये कुणी जास्त बोलत नाही, असो).

पेंट डॉट नेट पण चांगलं आहे, फुकट, हलकं, डीडीएस सरळ उघडतं आणि सेव्हही करतं. पण त्यात अल्फा वेगळ्या खिडकीत दिसत नाही, तो चित्रातच मिसळलेला, म्हणजे परत तेच, रबर फिरवला की चमक. म्हणून मी गिंप धरलं. तेही फुकट, आणि 2019 च्या 2.10.10 पासून डीडीएस त्यात आतूनच चालतं. गिंपमध्येही अल्फा म्हणजे पारदर्शकच, पण तिथं एक सोय आहे. लेयरवर मास्क, म्हणजे करड्या रंगाचं जोडचित्र, जोडायचा आणि त्यात पर्याय निवडायचा की लेयरचा अल्फा या मास्कमध्ये हलव. झालं, आता रंग एका चौकोनात आणि चमक शेजारच्या दुसऱ्या चौकोनात, मास्क तात्पुरता बंद करून रंगाचं काम निवांत करा, शेवटी मास्क अप्लाय केला की अल्फा परत जागेवर. पोराला हे करून दाखवलं तर म्हणतंय, "म्हणजे चमक पण रंगवायची असते?" म्हटलं, हो बे, करड्या रंगात.

मूळ फाइल उघडली, विमान उलटं, डोकं खाली. सर घाबरले. या सिम्युलेटरची डीडीएस टेक्स्चर उभी पालथी केलेली असतात, काम करताना फ्लिप करायची, देताना परत फ्लिप करायची, विसरलं तर चाकांचं चित्र दारावर बसतं.

अक्षरांसाठी मात्र मी कोरललाच गेलो. "सोलापूर" तिथं टाइप केलं, कर्व्ह केलं म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेघा केल्या, पेज पिक्सेलमध्ये लावलं. इथं आमच्या धंद्याच्या सवयी आड येतात. आम्ही सगळं सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, करतो कारण शेवटी शाई पडायची असते, स्क्रीनवरच्या टेक्स्चरला आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, लागतं. आणि डीपीआयला, म्हणजे इंचात किती ठिपके याला, इथं काडीची किंमत नाही, 72 लिहा नाही तर 300 लिहा, मोजतात ते पिक्सेल. 737-800 ची लांबी साधारण 39.5 मीटर. ते नाकापासून शेपटीपर्यंत 1024 पिक्सेलच्या रुंदीत बसवलं तर एका पिक्सेलच्या वाट्याला जवळपास 4 सेंटीमीटर येतात. म्हणजे नाजूक फॉन्ट घेतला की पू चा ऊकार गायब आणि विमानावर "सोलापर". मी सगळ्यात जाड फॉन्ट घेतला, ऊकाराची शेपटी हातानं आणखी फुगवली, मागं काही न ठेवता पीएनजी काढलं आणि गिंपमध्ये आणलं. दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवलं, कारण नुसतं मिरर केलं तर उजव्या अंगाला अक्षरं उलटी. इथवर सगळं सुतासारखं सरळ गेलं.

मोरानं घाम काढला. पोरानं घरच्या चादरीचा फोटो आणला होता, लाल-मरून जमीन, त्यात पांढरा, हिरवा, काळा. फोटो कापून शेपटीवर बसवला, स्क्रीनवर एकदम झकास. डीएक्सटी 5 मध्ये, म्हणजे डीडीएस दाबून लहान करायच्या पद्धतीत, सेव्ह केलं, परत उघडलं तर मोराचा चिखल. हिरवा मातकट, पांढरा गुलाबी, पिसाऱ्याला डाग. सर म्हणाले, "क्वालिटी वाढवा की थोडी." पण डीएक्सटीमध्ये जेपीजीसारखं क्वालिटीचं बटण ओढून सुटका नाही. ते चित्राचे 4 बाय 4 पिक्सेलचे तुकडे पाडतं, आणि प्रत्येक तुकड्यात रंग धरतं दोनच, वर त्या दोघांच्या मधले दोन, असे चार. म्हणजे एका तुकड्यात मरून, पांढरा आणि हिरवा तिघं आले की एकाचा बळी जाणारच. अल्फाची नोंद वेगळी ठेवतात म्हणून चमक वाचते, रंग मरतो. याच्या बदल्यात 4 एमबीचं चित्र 1 एमबीत बसतं, जुन्या कार्डाला तेच पाहिजे असतं.

आमच्या दुकानात दुपारी एक अण्णा येऊन बसतात, पेपर वाचतात, चहा घेतात. पूर्व भागातले, उमर गेली चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढण्यात. जकार्डवर चादर विणायची तर आधी नक्षी चौकटीच्या कागदावर काढावी लागते, एक घर म्हणजे धागा वर की खाली, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. आता ते काम कॉम्प्युटरवर गेलं, अण्णा घरी बसले. ते इतका वेळ मागून बघत होते. म्हणाले, "काय करायलाव ते, मोर का असा भिजल्यावानी दिसायला?"

मी समजावून सांगितलं, चार बाय चारचं घर, एका घरात दोन रंग. मला वाटलं आता अर्धा तास जाईल. अण्णांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "मग फोटो कशाला घेतलाव? फोटोला कुठं घर असतंय. घर धरून काढा."

आणि पोराच्या वहीचा चौकटीचा कागद मागवून घेतला. गणिताची वही होती. त्यावर त्यांनी पेन्सिलनं आधी चार-चार घरांचे ठोकळे जाड केले, मग मोर मानेपासून काढायला घेतला. पिसाऱ्याचा डोळा काढताना हिरव्याच्या कडेला पांढरा आला की ते थांबायचे, ठोकळा बघायचे, पांढरा एक ठोकळा पलीकडं सरकवायचे, मध्ये नुसती मरून जमीन सोडायचे. "दोनच धागे म्हणलाव ना," एवढंच बोलायचे. चोच आधी तिरकी होती ती पायऱ्यांची झाली, चादरीवर असते तशीच. मालक पण येऊन उभे राहिले. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं बोर्डाचं प्रूफ मागत होती, त्यांनाही बघायला मिळालं.

मी गिंपमध्ये 4 पिक्सेलची ग्रिड लावली, स्नॅप चालू केलं, आणि वहीवरून घर मोजत पेन्सिल टूलनं मोर भरला. ब्रश नाही, पेन्सिल, कारण ब्रशच्या कडा मऊ असतात आणि मऊ कड म्हणजे तिसरा रंग आलाच. डीएक्सटी 5, मिपमॅप चालू, म्हणजे विमान लांब गेलं की सिम्युलेटर त्याच चित्राची छोटी कॉपी वापरतो आणि नक्षी मिचमिचत नाही. सेव्ह करून परत उघडलं, मोर जसाच्या तसा. शेपटीचा अल्फा मूळच्या अंगाइतकाच फिकट करडा भरला. शेवटी डीएक्सटीबीएमपी नावाचा एक छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात फाइल टाकून बघितली, कारण त्यात चित्र मोठं आणि अल्फा बाजूला वेगळा दिसतो, काही राहिलं असेल तर तिथं लगेच कळतं.

बाकी काम पाच मिनिटांचं. विमानाच्या फोल्डरमध्ये टेक्स्चर डॉट सोलापूर असं नवं फोल्डर, आणि विमानाची माहिती असलेली एअरक्राफ्ट डॉट सीएफजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यात फ्ल्टसिम नावाचा आणखी एक भाग, नंबर मागच्याच्या पुढचा, मध्ये एक जरी सोडला तर विमान यादीत येत नाही. टायटल दुसऱ्या कुठल्या विमानाचं नसलेलं. मूळ फाइलींना हात लावायचा नाही हे पोराला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी व्हिडिओ पाठवला. टेबलाभोवती पोरं तुटून पडली होती, बाहेरून दिसणाऱ्या कॅमेऱ्यात विमान वळलं की मोर स्पष्ट दिसत होता. अण्णांना दाखवला तर त्यांनी मोबाइल जवळ धरून नीट बघितला आणि म्हणाले, मान जरा आखूड झाली. त्यांचं बरोबर होतं, शेपटीचा पत्रा वर निमुळता होतो आणि चित्र तिथं थोडं दाबलं जातं. मालकांनी सरांकडून डिझाइनचे नेहमीचे पैसे घेतले, अण्णांच्या हातावर पण काही ठेवले, ते घेत नव्हते, मग चहाच्या खात्यात मांडले.

पोरगं अजून येतं. त्यानं घरी गिंप टाकलंय, आणि आता त्याला एटीआर पाहिजे. कुठनं तरी पीएसडीतलं पेंटकिट उतरवून आणलं होतं, गिंपमध्ये उघडलं, लेयर बऱ्यापैकी आले, काही इफेक्ट आले नाहीत, ते हातानं करायला लागणार. रात्री खिडक्या पेटल्या पाहिजेत म्हणत होतं, त्याला सांगितलं की त्याचं चित्र वेगळं असतं, नावाच्या शेवटी अंडरस्कोर एल असलेलं, आधी ते शोध. आणि अण्णांना विचारत होतं, मोराऐवजी हत्ती चार-चारच्या घरात बसतो का.