गोळी थांबवून आई होताना

सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग असलेल्या बाईला मूल होऊ शकतं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. होऊ शकतं. मला मुलगी आहे. पण गोळी कधी थांबवायची हे मनाने नाही, पीसीआरच्या, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीच्या, आकड्याने ठरवायचं असतं.

मला आजार कळला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पोटात डावीकडे जड वाटायचं. प्लीहा वाढली होती. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर. या आजारात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं जनुक तयार होतं. त्याच्यामुळे पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. २००१ मध्ये आलेलं इमॅटिनिब, म्हणजे माझी गोळी, नेमकं त्या जनुकाने बनवलेल्या प्रथिनालाच अडवतं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेकच्या (इमॅटिनिबचंच कंपनीचं नाव) पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. आमच्या घराला ती परवडली ती त्यामुळे. रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर. सकाळी डोळ्यांभोवती सूज, रात्री पोटरीत गोळे. त्याचीही सवय झाली.

सासूबाईंनी पहिल्यांदा विचारलं ते, "अगं, बाळाला तर होणार नाही ना हे?" नाही होत. हा बदल आपल्या अस्थिमज्जेतल्या पेशीत नंतर घडलेला असतो, तो आईकडून मुलात उतरत नाही. आमच्या हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर, मॅडमनी सासूबाईंना समोर बसवून हे सांगितलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

बाळाला धोका असतो तो गोळीचा. २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात इमॅटिनिब पोटात गेलेल्या १८० बायकांपैकी १२५ जणींचं पुढे काय झालं ते त्यात कळलं होतं. निम्म्या जणींना निरोगी बाळं झाली, पण १२ बाळांमध्ये दोष आढळले आणि त्यातल्या तिघांमधले दोष तर एकसारखे होते. बाळाचे अवयव घडतात त्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी नकोच.

म्हणून मॅडमनी अट घातली: पीसीआरमधला बीसीआर-एबीएलचा आकडा ०.०१ टक्के किंवा त्याहून खाली, आणि तो निदान दोन वर्षं तिथेच टिकला पाहिजे. ती दोन वर्षं माझ्या अंगावर आली. हळदीकुंकवाला गेलं की "काय गं, अजून काही नाही?" ठरलेलं. दर तिमाहीचा रिपोर्ट उघडताना हात गार पडायचे. एका डॉक्टरांनी तर मुलाचा विचारच सोडा असं सांगून टाकलं होतं. ते मला आजही पटत नाही.

मग गोळी थांबवली. सुरुवातीला सांधे इतके दुखायचे की पोळ्या लाटताना मनगट धरून बसायचे. गोळी थांबवल्यावर काही जणांना असं होतं, हे आधी माहीत होतं म्हणून घाबरले नाही. दर महिन्याला रक्त द्यायचं. दिवस गेले तेव्हा आकडा जागेवर होता. सातव्या महिन्यात तो ०.०६ झाला. डोहाळेजेवणाची साडी काढून ठेवली होती आणि मी रिपोर्ट हातात घेऊन रडत होते. मॅडम म्हणाल्या, "०.१ च्या खाली आहे ना, मग थांबू. वाढलाच तर इंटरफेरॉन हे दुसरं औषध आहे, ते वारेतून बाळापर्यंत जात नाही." त्याची गरज पडली नाही.

बाळंतपणानंतर मात्र आकडा ०.१ च्या वर गेला. इमॅटिनिब दुधात उतरतं, त्यामुळे गोळी आणि अंगावरचं दूध दोन्ही जमणार नव्हतं. मॅडमना विचारून पहिले काही दिवस चिकाचं दूध पाजलं, मग वरचं दूध सुरू केलं आणि गोळी घेतली. छाती भरून यायची, लेक शेजारी रडायची आणि नवरा वाटी-चमचा घेऊन बसायचा. ते दिवस फार जड गेले. पुढे आकडा परत खाली आला.

नवऱ्याला सीएमएल असेल आणि तो इमॅटिनिब घेत असेल तर गोष्ट निराळी. वडिलांच्या गोळीमुळे बाळात जास्त दोष दिसल्याचं आतापर्यंत आढळलेलं नाही. तरी आधी डॉक्टरांशी बोला. बायांनो, तुम्ही मात्र घरच्यांना न सांगता, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका. आजार उसळला तर तुम्ही आणि बाळ दोघंही धोक्यात याल.

आता दुसऱ्याबद्दल विचारणा सुरू झाली आहे. मलाही हवंय. मॅडमशी बोलले, अट तीच: आकडा ०.०१ च्या खाली, दोन वर्षं. पुढचं रक्त दिवाळीनंतर द्यायचंय.