ओढणीला घोड्याचा वास

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटापाशी रात्री दहाला कुत्र्यांना भात घालणारे आम्ही चौघं आहोत. त्यातली सगळ्यात धाकटी, कॉलेजात जाणारी मुलगी, परवा पातेलं विसळता विसळता म्हणाली, "काकू, एक विचारू? तुम्ही रेसला जाता म्हणे?" तिचा स्वर असा, की एकादशीला मला कुणी मटणाच्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं असावं.

"जाते की," मी म्हटलं.

"पण काकू, तिथे घोड्यांना चाबकानं मारतात."

"मारतात. हल्ली फटके मोजून मारतात, चाबूकही मऊ भरावाचा असतो. पण मारतात."

ती गप्प झाली. डासांनी पाय फोडून काढले होते, पातेली घासायची होती. तिथे उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. इथे बसून लिहिते आहे, तरी धड देता येईल याची खात्री नाही.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं. आमच्याकडे चैत्रात यात्रा, आणि यात्रा म्हणजे बैलगाडा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बारी (एकेका गाड्याची पाळी) सुटली की पुढे घोडी, मागे बैल, त्यामागे धुरळा, आणि सगळ्यावर उधळलेला भंडारा. माणसं बैलांकडे बघायची. आमच्या आबांचाही जीव बैलात. मी मात्र सातव्या वर्षापासून घोडीकडे बघायला लागले. बारी संपली की ती देवळामागच्या बाभळीखाली उभी असायची, मालक गोणपाटानं तिचं अंग पुसायचा, आणि तिच्या कुशी लोहाराच्या भात्यासारख्या हलत असायच्या. मी कडब्याचं एक ताट पुढे केलं. तिनं ते दातांनी नाही ओढलं. आधी वरच्या ओठानं चाचपून पाहिलं, आंधळा माणूस तोंडावरून हात फिरवतो तसं. त्या दिवशी जे झालं ते झालं.

पुढे 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. मला मनापासून हायसं वाटलं, कारण बैलांच्या शेपट्या पिरगाळताना मी पाहिल्या होत्या. 2021 च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली, 2023 ला घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा भावानं फोनवर लांबून येणारी हलगी ऐकवली. माझ्या अंगावर काटा आला. हायसं वाटणारी मीच आणि काटा येणारीही मीच. तेव्हापासून स्वतःला फार तत्त्वनिष्ठ वगैरे समजणं सोडून दिलंय.

लग्न होऊन पुण्यात, वानवडीत आले. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. सकाळी पूजा, दुपारी झोप, आणि जुलै ते ऑक्टोबर रेस. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात महालक्ष्मीला, पावसाळ्यात सगळा लवाजमा पुण्याला. घोडे घेऊन येणाऱ्या गाड्या घाट चढून वर आल्या की सासऱ्यांचा चेहरा लेक बाळंतपणाला येणार असल्यासारखा व्हायचा. एका रविवारी सासूबाईंचा गुडघा दुखत होता, त्यांना सोबत हवी होती, म्हणून मला घेऊन गेले. सासऱ्यानं सुनेला रेसला नेलं हे माझ्या माहेरी अजून कुणाला माहीत नाही.

माहितीचा तर खजिनाच माणूस. पुण्याचं रेसकोर्स 1830 पासूनचं, महालक्ष्मीचं 1883 चं, आणि आपली डेक्कन क्वीन 1930 साली सुरू झाली तीसुद्धा मुख्यतः शनिवार-रविवारी मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या रेसला आणायला! पासवाल्यांची गाडी ती नंतर झाली. सासूबाई "जुगार" म्हणाल्या की यांचं ठरलेलं उत्तर तयार, "1996 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, हा कौशल्याचा खेळ आहे." त्यावर सासूबाई, "मग ते कौशल्य पगारात का दिसलं नाही?"

त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. धावणं सगळेच बघतात, तू पॅडॉक बघ. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात ती जागा. तेव्हापासून मी कठड्याला चिकटून उभी राहते. एखादा घोडा मान खाली टाकून, लांब ढांगा टाकत चालतो, कान सैल. एखादा आडवा आडवा चालतो, मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा फेस. त्याची रेस तिथेच पळून झालेली असते. घोडा सांभाळणारा सईस लगामाजवळ हात ठेवून त्याच्याशी सतत काहीतरी पुटपुटत असतो. पाऊस भुरभुरत असला की कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी रंगाचा घोडा भिजल्या चिंचोक्यासारखा चमकतो. मग घंटा होते, जॉकी चढतात, पैसे लावणारी पंटर मंडळी खिडक्यांकडे धावतात आणि मी कठड्यापाशी एकटी उरते. शंभर रुपये लावते, ते सासऱ्यांचं नाव राहावं म्हणून. बहुतेक वेळा जातात.

आता घरातल्यांबद्दल. तात्या हा बोका, एका डोळ्यानं अधू, रिक्षाच्या इंजिनाच्या खोक्यात दोन दिवस ओरडत होता तेव्हा सापडला. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खातो, झोपतो, आणि नवऱ्याच्या उशीवर हक्क सांगतो.

खारीचं तसं नाही. ही कुत्री बेकरीच्या जिन्याखाली होती. खरूज इतकी झालेली, की अंगावरून पापुद्रे सुटत होते, म्हणून तेच नाव पडलं. मी आठवडाभर रोज तिच्यापासून चार हातांवर बसून तिच्याकडे न बघता बिस्किटं खात होते. येणारे जाणारे माझ्याकडे बघत होते ते वेगळं. आठव्या दिवशी वाटलं, झाली मैत्री. टॉवेल टाकला आणि उचलली. तिनं माझ्या डाव्या तळहाताचा अंगठ्याखालचा मांसल भाग असा धरला, की दात एकमेकांना भेटले असावेत.

चूक माझीच. आठ दिवसांत मैत्री होत नाही.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला (हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, हळद-चुना काही लावू नका) आणि दवाखान्यात गेले. जखमेतून रक्त आलं की नुसती रेबीजची लस पुरत नाही. लसीनं शरीरात प्रतिकार तयार व्हायला दिवस लागतात. तोवर विषाणू मज्जातंतूत शिरू नये म्हणून तयार प्रतिपिंडं (अँटिबॉडी) जखमेतच टोचतात. तिथल्या सिस्टरनी अख्ख्या रांगेसमोर खणखणीत आवाजात माझं वजन विचारलं, कारण डोस वजनावर असतो. मी पाच किलो कमी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नखशिखांत पाहून काट्यावर उभं केलं.

मग कातडीत थेंबभर टोचून अर्धा तास बसवलं.

"हे कशाला?"

"घोड्याचं सिरम आहे ना. काहींना रिअ‍ॅक्शन येते."

"घोड्याचं?"

"घोड्याला रेबीजची लस देत देत त्याच्या रक्तात तयार करतात. हात सैल सोडा."

सुई त्या फाटक्या मांसात चारी बाजूंनी फिरत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि डोक्यात एकच, कुत्रीनं चावलं आणि घोडा धावून आला. मला त्या अवस्थेत हसू फुटलं. सिस्टरना वाटलं रिअ‍ॅक्शन आली.

लसीचे पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. मधल्या काळात खारी डॉक्टरांकडे पिंजऱ्यात नजरेखाली होती. दहा दिवस ती ठणठणीत राहिली, म्हणजे चावली तेव्हा तिच्या लाळेत रेबीज नव्हता. खरजेचं औषध झालं, नसबंदी झाली, कानाचा कोपरा कापला. खूण म्हणून कापतात तो. आज ती सोफ्यावर माझ्या जागी बसते आणि मी मोढ्यावर.

घोड्याच्या रक्तावर औषध हे काही नवीन नाही. आमच्या गावाकडे घोणस चावलेली माणसं वाचली ती घोड्याच्या रक्तातल्या प्रतिविषावरच. आणि आपल्या हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटची गोष्ट तर याच मुलखातली आहे. पूनावालांचा मूळ धंदा घोड्यांच्या पैदाशीचा, त्यांचा स्टड फार्म 1946 चा. निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे सिरमसाठी जायचे. त्यावरून सायरस पूनावालांना वाटलं, हे आपणच का करू नये? 1966 साली कंपनी काढली, सुरुवात धनुर्वातावरच्या सिरमपासून. कोरोनात आपण दंड पुढे करून बसलो, त्या लसीच्या कारखान्याच्या पायाशी असे रिटायर झालेले घोडे आहेत. सिरमसाठी पाळलेल्या घोड्यांचं जिणं कसं असतं, हा प्रश्न त्या मुलीनं विचारला तर तोही रास्तच आहे. पण माझा तळहात त्यांचं देणं लागतो.

तर मुद्दा निवृत्त घोड्यांचा.

एके वर्षी, दुसऱ्या एका गावच्या रेसला गेलो होतो, नाव घेत नाही. शेवटच्या वळणावर एक घोडी एकदम थांबल्यासारखी झाली, जॉकी उतरला. तिचा पुढचा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतं, नुसतं हाड, शिरा आणि कातडी. रक्तपुरवठा बेताचा. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर तीन पायांवर महिनोन्‌महिने उभं राहू शकत नाही, उरलेले खूरच निकामी होतात. म्हणून बहुतेकदा वाचवत नाहीत. घोड्यांची अ‍ॅम्ब्युलन्स आली, माणसांनी आडोसा केला. माझ्या शेजारचा गृहस्थ पुढच्या रेसचा नंबर विचारत होता. मी त्यानंतर दोन हंगाम गेले नाही. तिसऱ्या हंगामात सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि गेले.

ती घोडी अजून दिसते. पण खरं सांगू, मला जास्त छळतात ते न मोडलेले घोडे. दोन-तीन वर्षांचं असताना घोडं पळायला लागतं, खरं तर हाडं पुरती भरायला पाच वर्षं लागतात. सहा-सात वर्षांचं झालं की बहुतेकांची रेस संपली. आणि घोडा जगतो पंचवीस वर्षं, नीट सांभाळला तर तीस. मधली अठरा-वीस वर्षं कुठे जातात? काही पैदाशीला, काही पोलोला, काही रायडिंग क्लासला. उरलेले वरातीला, चौपाटीवर, हिलस्टेशनला, हातोहात विकत खाली खाली. मुंबईत 2015 साली उच्च न्यायालयानं व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या, बरंच झालं म्हणा. पण गाडी बंद करता येते, घोड्याला उद्याही चंदी, म्हणजे दाणा, लागतेच.

लॉकडाऊननंतर आमच्या भागात लॅब्रॅडॉर, हस्की असले कुत्रे गळ्यात पट्ट्यासकट सोडून दिलेले सापडले. हौसेनं आणले, ऑफिसं सुरू झाली, दिले सोडून. मला त्या हस्कीत आणि रेसमधून उतरलेल्या घोड्यात काही फरक दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच, ज्यानं त्या घोड्याच्या नावावर करंडक घेऊन फोटो काढले, त्यानं त्याच्या म्हातारपणाचे पैसेही आधीच बाजूला काढून ठेवावेत. बक्षिसातून कापा, तिकिटातून कापा. माझ्या शंभरातून आधी कापा.

शहराबाहेरच्या एका रायडिंग क्लासमध्ये असा एक आहे. अकरा वर्षांचा, कुमैत, मागचा एक पाय पांढरा. रेसमध्ये त्याचं लांबलचक इंग्रजी नाव होतं; तिथे स्पेस धरून अठरा अक्षरांपलीकडे नाव चालत नाही, यानं ती अठराही वापरली असावीत. इथे तो बंड्या. आला तेव्हा त्याला हळू चालणंच माहीत नव्हतं म्हणे. पाठीवर पोर बसलं की गेट उघडायची वाट बघत थरथरायचा. सईसचाचांनी त्याला सहा महिने नुसतं हातात दोरी धरून फिरवलं, बाजारात नेलं, म्हशी दाखवल्या. आता आठ वर्षांची मुलं त्याच्यावर बसून मोबाइलवर बोलणाऱ्या आयांना हात हलवतात.

मी दर रविवारी सकाळी जाते. चाचा त्याला खरारा करत असतात. मग खाली बसून एकेका पायावरून तळवा फिरवतात, वरून खाली, डोळे मिटून. "गरम लागला तर आज सुट्टी, मॅडम." मलाही शिकवलं. डाव्या पुढच्या पायाला, नळीच्या हाडामागे, सुपारीएवढी जुनी गाठ हाताला लागते. त्या गाठीनं त्याची रेस संपवली.

सोसायटीतल्या त्या मुलीला परवा म्हटलं, येत्या रविवारी चल माझ्याबरोबर, रेसला नाही, इथे. ती आली. पिशवीतून गाजर काढून हात लांब करून उभी राहिली, बोटं आखडलेली. "तळवा सपाट ठेव, अंगठा आत," मी म्हटलं. बंड्यानं मान खाली आणली, वरच्या ओठानं तिचा सगळा तळवा चाचपला, गाजर बाजूला सारून तिच्या घड्याळाचा पट्टासुद्धा तपासला आणि मग गाजर उचललं. ती काही बोलली नाही. परत येताना रिक्षात मात्र म्हणाली, "तरी रेसला मी येणार नाही हं, काकू." मी म्हटलं, नको येऊस.

घरी आले तर खारी दारात. तिनं नेहमीप्रमाणे माझी ओढणी इकडून तिकडे हुंगली, दोनदा जोरात शिंकली, आणि माझ्याकडे पाठ करून सोफ्यावर जाऊन बसली. अंघोळ करून येईपर्यंत ती आता बोलायची नाही.