तुम्ही विचारलंत म्हणून: हास्केलच का, आणि क्लास न लावता कसं?

वेर्ण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, लग्नात, चतुर्थीला घरी आलेले पाहुणेसुद्धा हेच विचारतात, की पगार जावाचा घेतोस मग रात्री जागून ते हास्केल कशाला शिकलास, आणि क्लास नाही, सर नाही, तर शिकवलं कोणी? दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा, पण हास्केल नोकरीसाठी नाही शिकलो. झालं? गोव्यात हास्केलची नोकरी मी तरी पाहिली नाही, शोधलीही नाही.

शिकवलं चॅटवरच्या लोकांनी, ज्यांची खरी नावंही मला माहीत नाहीत. पण ते उत्तरं द्यायचे असं समजू नका, उलट त्याचाच राग यायचा.

मामा सत्तरी तालुक्यात काजूच्या बिया विकत घेतो. मार्च ते मे तोच माणूस पुन्हा पुन्हा पोती आणतो, वहीत नाव आणि किलो. मला प्रत्येकाची बेरीज हवी होती. जावात लूप फिरवायचा, एका व्हेरिएबलमध्ये वाढवत जायचं, संपलं. हास्केलमध्ये व्हेरिएबलमध्ये एकदा ठेवलेला आकडा बदलता येत नाही, मग वाढवू काय, कपाळ? जूनचा पाऊस, लाइट कधी जाईल नेम नाही, अशात भलामोठा कोड लिहून चॅटवर टाकला तर समोरून एवढंच आलं: या फंक्शनचा टाइप काय? मला वाटलं टिंगल करतोय. तणतणत लिहिला, म्हणजे फंक्शनच्या आत काय जातं आणि बाहेर काय येतं ते. आत नाव-किलोच्या जोड्यांची लिस्ट, बाहेर नावावरून किलो सांगणारा मॅप. म्हणे आता हाच टाइप हूगलवर शोध. (हूगल म्हणजे हास्केलची शोधायची साइट, फंक्शन नुसतं नावावरून नाही, टाइपवरूनही शोधून देतं, ही सोय मात्र झकास.) फ्रॉमलिस्ट नावाचं फंक्शन सापडलं, लावलं, कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) खूश, मी खूश. आकडे मात्र कमी. कारण तेच नाव परत आलं की फ्रॉमलिस्ट शेवटचा आकडा ठेवतं आणि आधीची पोती गायब!

तरी तो गडी उत्तर देईना. "तोच माणूस दुसऱ्यांदा आला तर काय करायचं, हे तू कुठे सांगितलंस?"

शेजारीच फ्रॉमलिस्टविथ होतं. त्याला अधिकचं चिन्ह दिलं, म्हणजे तेच नाव परत आलं की बेरीज कर, एका ओळीत काम झालं. इतकी वर्षं पोटापाण्यासाठी कोड लिहितोय, पण हा प्रश्न मला ना कॉलेजात कोणी विचारला ना ऑफिसात, लूपमध्ये ते आपोआप होऊन जायचं आणि मी काही ठरवलंय हेच कळायचं नाही. क्लास लावला असता तर पहिल्याच दिवशी ती ओळ फळ्यावर मिळाली असती. बरं झालं असतं का? कदाचित हो, झोप तरी मिळाली असती.

त्यानंतर काही दिवस मी भेटेल त्याला ऐकवायचो की हास्केलमध्ये कंपाइल झालं म्हणजे बरोबरच. अरे शहाण्या, वरचंच बघ ना, टाइप बरोबर आणि बेरीज चूक! उलट २०१४ ला जावा ८ मध्ये स्ट्रीम्स (हाताने लूप न लिहिता यादीवर काम करायची सोय) आले, त्यातलं मॅप बनवणारं साधं टूमॅप तेच नाव दुसऱ्यांदा दिसलं तर सरळ एक्सेप्शन फेकतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं. म्हणजे इथे जावाच बरी निघाली. बसमध्ये हे बोलायची सोय नाही, स्टॉप येईपर्यंत हसतील.

मग फायदा काय? ऑफिसात लूप लिहिताना हात अडखळतो, कोड रिव्ह्यूत त्यावरून बोलणी खातो, हा फायदा धरायचा तर धरा. मामाचा हिशेब आता त्याचा मुलगा एक्सेलात करतो, पिव्होट टेबल लावून, आणि बरोबर येतो. एक्सेलचे फॉर्म्युले पण हास्केलसारखे फंक्शनलच की रे, असं सांगायला गेलो तर त्याने यंदाच्या बियांचा दर काढला.