इंधन गळलेल्या जागेवर भूजलाचे नमुने घेताना

टाकी किंवा पाइप गळलेल्या जागेवर गेलो की मी नमुन्याच्या बाटल्यांना लगेच हात लावत नाही. आधी सगळ्या निरीक्षण बोअरची झाकणं उघडतो. आत अडकलेला दाब निघून पाणी स्थिरावलं की पातळी मोजायची, आणि ती सगळ्या बोअरची एकाच दिवशी. सुरुवात सर्वांत स्वच्छ बोअरपासून, शेवट इंधनाच्या बोअरवर. उलटं गेलात तर प्रोबला, म्हणजे बोअरमध्ये सोडायच्या पातळीमापकाला, चिकटलेलं पेट्रोल पुढे जातं. दोन बोअरच्या मध्ये प्रोब साबणपाणी आणि शुद्ध पाण्याने धुवायचाच.

इंधन तरंगत असेल तर इंधन आणि पाणी वेगळं ओळखणाऱ्या इंटरफेस प्रोबवर दोन आकडे मिळतात: इंधनाचा माथा आणि त्याखालचं पाणी. समजा केसिंगच्या (बोअरच्या पाइपच्या) काठाची उंची १००.०० मीटर, काठापासून खाली इंधन ६.२० मीटरवर आणि पाणी ६.६० मीटरवर लागलं. थर ०.४० मीटरचा. पाण्याची उंची ९३.४० लिहून मोकळं होता येत नाही, कारण इंधनाच्या वजनाने पाणी खाली दाबलेलं असतं. पेट्रोलची सापेक्ष घनता साधारण ०.७४ धरली तर ०.४० × ०.७४ म्हणजे जवळपास ०.३० मिळवायचे, खरी पातळी ९३.७०. ही दुरुस्ती राहिली तर नकाशावर त्या बोअरपाशी नसलेला खड्डा दिसतो आणि प्रवाहाची दिशा चुकते. आणखी एक: बोअरमधला ०.४० मीटरचा थर म्हणजे जमिनीत तेवढ्याच जाडीचं इंधन नव्हे. बोअरमध्ये तो बहुधा फुगलेलाच दिसतो.

तरंगतं इंधन सापडलेल्या बोअरमधून मी विरघळलेल्या घटकांचा नमुना सहसा घेत नाही. एक थेंब शिरला तरी अहवालातला आकडा निरर्थक होतो.

बाकी बोअरमध्ये कमी प्रवाहाची पद्धत वापरतो. ब्लॅडर पंपाचं (लवचीक पिशवी दाबून पाणी वर ढकलणाऱ्या पंपाचं) तोंड जाळीच्या भागात, म्हणजे पाणी आत येण्यासाठी पाइपला चिरा असतात तिथे, प्रवाह मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर, आणि उपशाने पातळी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरू द्यायची नाही. पाणी फ्लो सेलमधून (मापकं बसवलेल्या बंद डबीतून) जात असताना दर तीन ते पाच मिनिटांनी नोंद. सलग तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत राहिला की सेल काढून थेट नळीतून बाटली भरायची. बेलर (दोरीने सोडायची नळीसारखी बादली) स्वस्त आहे, पण तो आपटला की पाणी ढवळतं, गाळ उठतो आणि बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला सहज उडणारा विषारी घटक, उडतं. वरून ओढणाऱ्या पेरिस्टाल्टिक पंपातही तोच धोका: नळीतला दाब उतरतो आणि वायुरूप होणारे घटक निसटतात. जनरेटर लावलाच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दूर. त्याच्या धुरातही बेंझिन असतं.

व्हायल, म्हणजे नमुन्याची छोटी काचेची बाटली, ४० मिलिलिटरची, टेफ्लॉन लावलेल्या झाकणाची, आत आधीच हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेली. तिरपी धरून काठोकाठ भरायची, पण ओसंडू द्यायची नाही, नाहीतर आम्ल वाहून जातं. झाकण लावून उलटी करून टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती व्हायल बाद. चुनखडीच्या भागात मात्र आम्लामुळे पाणी फसफसतं आणि कितीही काळजी घेतली तरी बुडबुडे येतात. तिथे आम्लाविना व्हायल घ्यायची आणि प्रयोगशाळेला आधी कळवायचं, कारण नमुना तपासण्याची मुदत १४ दिवसांवरून ७ वर येते. बर्फाच्या पेटीत ट्रिप ब्लँक, म्हणजे प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याने भरून आलेली आणि न उघडता परत जाणारी व्हायल, हवाच. त्यात टोल्युइन (पेट्रोलमधलाच एक घटक) निघालं तर दोष बोअरचा नाही, प्रवासाचा किंवा बाटल्यांचा आहे.

पाण्यावर रंगीत तवंग दिसला म्हणून घाईने इंधन लिहू नका. काडीने हलवा. लोहजीवाणूंचा तवंग काचेसारखा तुटून तुकडे वेगळे राहतात. तेलाचा पुन्हा जुळून येतो.

अहवाल आल्यावर बेंझिनच्या रकान्याशेजारी त्या दिवसाची पाणीपातळी लिहितो. पातळी चढली की इंधनाचा पट्टा पाण्याखाली मातीत अडकतो, बोअरमधला थर नाहीसा होतो आणि जागा स्वच्छ झाल्याचा भास होतो. पातळी उतरली की तेच इंधन परत येतं. जाळीचा माथा पाण्याखाली गेला असेल तर तरंगतं इंधन आत शिरायला वाटच नसते. तिथे ‘इंधन नाही’ या नोंदीला मी काहीच वजन देत नाही.

‘आढळले नाही’ वाचतानाही शेजारची मर्यादा, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण, पाहा. झायलीन (तेही पेट्रोलमधलंच) फार असलं की प्रयोगशाळा नमुना पातळ करते आणि सगळ्याच घटकांची मर्यादा वर चढते. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनसाठीचं मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. मर्यादा ५० असेल तर त्या ओळीतून बेंझिनबद्दल काहीच कळत नाही. अशा वेळी कमी पातळ करून बेंझिनची तपासणी पुन्हा करून मागायची, तीही व्हायलची मुदत संपायच्या आत.