घाणेरीखालचं गवत

राधानगरी तालुक्यात सासऱ्यांची दोन एकर डोंगरपड आहे. मालकीची, पण अभयारण्याच्या हद्दीला लागून. आबा सांगतात, त्यांच्या लहानपणी तिथं कमरेएवढं गवत असायचं. दिवाळीनंतर कापणी होऊन वैरणीच्या गंज्या लागायच्या, आणि रात्री गवे तिथंच चरून जंगलात परत जायचे. पुढं घाणेरी, म्हणजे टणटणीच्या काटेरी झुडपांनी निम्मी पड गिळली. ती गुरं खात नाहीत, खाल्लीच तर आजारी पडतात. गवत संपलं आणि गवे खाली आमच्या उसात उतरायला लागले.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही घाणेरी मारायला कृषी सेवा केंद्रातून ग्लायफोसेट हे तणनाशक आणलं. दुकानदारानं कुठं मारणार, खाली पाणी आहे का, काही विचारलं नाही. आमच्याकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, त्यामुळे हात कचरत नाही. दिरांनी पाठीवरच्या पंपानं दोन दिवस फवारलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला. बरीच पानं वाळली, पण महिनाभरात बुंध्यातून नवे कोंब आले. मेलं ते खालचं गवत. हे तणनाशक गवत आणि घाणेरी असा फरक करत नाही, जे हिरवं त्याच्यावर पडेल ते मारतं. उघड्या पडलेल्या उतारावरची माती जुलैच्या पावसात ओढ्यात गेली. ते पाणी बघून मला रात्री झोप लागली नाही.

पाऊस उघडल्यावर वनरक्षक आले. रागावले नाहीत. म्हणाले, "वहिनी, पलीकडच्या हद्दीत हे केलं असतं तर कलम ३२ लागलं असतं." वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. अभयारण्यात वन्यजीवांना इजा होईल असं रसायन कुणीच वापरायचं नाही. मग त्यांनी ओढ्याकडं बोट केलं. तणनाशक पानाला चिकटावं म्हणून त्यात जो साबणासारखा पदार्थ घालतात, त्यातले काही प्रकार बेडकांच्या पिल्लांना फार बाधतात. आमच्या ओढ्यात पावसाळाभर बेडूक असतात, आणि हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनीच काढायची रीत दाखवली. घाणेरी नुसती कापली किंवा पेटवली तर दुप्पट फुटते. बुंध्याभोवती कुदळीनं माती मोकळी करायची, मुख्य मूळ जमिनीच्या तीन-चार बोटं खाली तोडायचं, म्हणजे कोंब फुटणारा भाग वरच्या तुकड्यासोबत निघून येतो. मग अख्खं झुडूप उलटं करून मुळं आकाशाकडं ठेवून वाळवायचं. पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या कामाला जायच्या बोलीवर, माणसं जमवून आम्ही दोन हिवाळे हेच केलं. काट्यांनी हात सोलले, पण गवताचं एक पातं मेलं नाही.

अडचण खडकाच्या फटीतल्या बुंध्यांची होती. तिथं ना कुदळ जाते ना पहार. तेवढ्यापुरतं तणनाशक वापरायचं ठरलं. पण २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं अधिसूचना काढली होती, ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांच्या हातूनच वापरायचं. कोल्हापुरात झुरळं-वाळवी मारणारे तिघे डोंगरावर यायला नाही म्हणाले. चौथे दोन खेपांना तयार झाले, ओढ्यापासून लांब राहायच्या अटीवर. ती अट त्यांनी स्वतः घातली, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांचं काम मी जवळून पाहिलं. एकानं बुंधा जमिनीलगत आडवा कापायचा, दुसऱ्यानं लगेच ब्रशनं ओल्या कापावर तणनाशक लावायचं, कडेच्या सालीखाली तर नक्कीच. तिथूनच ते मुळापर्यंत उतरतं. पाच मिनिटं गेली तर काप सुकतो आणि वरचं वरच राहतं. गढूळ पाणी मिसळलं तर मातीच त्याला धरून ठेवते, म्हणून घरून स्वच्छ पाणी नेलं. शेजारचं गवत हिरवंच राहिलं. पंपभर फवारून जे झालं नाही ते ब्रशच्या टोकानं झालं.

तरीही खरं काम भांगलणीचं. बुलबुल फळं खाऊन बी टाकत राहतात, त्यामुळे दर पावसाळ्यात बोटभर रोपं उगवतात. ती ओल्या मातीतून हातानं उपटली की सुटतात. एक पावसाळा चुकला तर कुदळच लागते. उघड्या जागी आम्ही पवन्या गवताचं बी आसपासच्या माळावरून गोळा करून टाकलं. विकतचं नको, इथलंच हवं, असा आबांचा आग्रह होता आणि तो बरोबर होता.

२०२४ च्या दिवाळीनंतर गवताचे सतरा भारे निघाले. आबांनी पहिला भारा स्वतः बांधला. आता ओढ्याकाठची दहा गुंठे घाणेरी उरली आहे. तिथं ब्रशही न्यायचा नाही असं घरात ठरलंय. कुदळीनंच काढू, दोन वर्षं लागली तरी चालतील.