नाताळ पंचवीसला संपवू नका

"डिसेंबर लागला की कामांचा डोंगर उभा राहतो, पंचवीस तारीख येते आणि जाते, आणि प्रार्थना राहूनच गेली असं वाटतं. काय करायचं?" वसईत आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ, जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून हे उत्तर.

माझ्या मते घोळ वेळापत्रकाचा आहे. चर्चच्या पंचांगात नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. त्याआधीचे चार रविवार वाट पाहण्याचे. आपण नेमकं उलट करतो. पार्ट्या, केक, भेटीगाठी सगळं आगमनकाळात उरकतो आणि सव्वीसला घरावर लावलेला नाताळचा तारा उतरवायला शिडी लावतो. निदान दोन आमंत्रणं तरी २६ डिसेंबर ते ६ जानेवारी या दिवसांत ढकला. पाहुणेही खूश असतात, कारण तेव्हा सगळे मोकळे असतात.

रोजच्या वाचनासाठी बायबलमधलं लूकचं शुभवर्तमान घ्या. त्यात अध्याय चोवीस आहेत, म्हणजे १ ते २४ डिसेंबर रोज एक. बहुतेकांची गाडी पहिल्याच दिवशी अडते, कारण पहिल्या अध्यायात ८० ओव्या आहेत. तो दोन भागांत वाचा, सुरुवात ३० नोव्हेंबरला करा. एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढू नका, त्या तारखेचाच अध्याय उघडा. तुंबलेले चार अध्याय एका बैठकीत वाचायला गेलेला माणूस पाचव्या दिवशी पुस्तक उघडत नाही. या क्रमाने २३ तारखेला क्रूसावरचं मरण येतं. घरात करंज्या तळल्या जात असताना हे वाचायचं का, असं काही जण म्हणतात. जरूर वाचावं. गोठ्यातलं बाळ कशासाठी आलं ते त्या दिवशी जास्त कळतं.

स्वयंपाकघराला प्रार्थनेचा शत्रू समजू नये. कुलकुल हा नाताळचा गोड फराळ वळताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. रोझरीला, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच भागांच्या जपमाळेला, साधारण वीस मिनिटं लागतात. परातीतलं पीठ संपेपर्यंत ती सहज होते. अट एकच, टीव्ही बंद. कुलकुल आणि नानखटाई हवाबंद डब्यात टिकतात, तेव्हा ती १५ तारखेच्या सुमारास करून टाका. केकची फळं तर नोव्हेंबरातच रममध्ये भिजत घाला. शेवटचे तीन दिवस तळणीपुढे गेले, तर चर्चमधल्या मध्यरात्रीच्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, डुलक्या येणारच.

कन्फेशनचंही, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करण्याचंही, तसंच. २३ तारखेला रांग दारापर्यंत असते, फादर दमलेले असतात, मग आपणही पाठ केलेली यादी भरभर म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या आठवड्यात, साध्या वारी जा.

खरी काळजी वाटते ती गायकवृंदाची आणि गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बांधणाऱ्या पोरांची. सगळ्यांचा सण तेच उभा करतात आणि सर्वात कोरडे तेच राहतात. आगमनकाळाच्या रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत. ही उणीव मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे नाताळच्या रात्री तो कानावर पडला की अंगावर काटा यावा. पण सराव करणाऱ्यांना तो महिनाभर पाठ असतो! त्यांनी सरावाआधी दहा मिनिटं त्या रात्रीची वाचनं शांतपणे वाचावीत: यशयाचा नववा अध्याय, स्तोत्र ९६, तीताला लिहिलेलं पत्र आणि लूक २:१-१४. वाद्यं त्यानंतर जुळवा. गोठ्याच्या स्पर्धेसाठी जागणाऱ्यांनी काम २२ तारखेला थांबवायचं, मग रोषणाई अर्धवट राहिली तरी चालेल.

मध्यरात्री मिस्सेला गेलेल्यांनी जमलं तर दिवसाच्या मिस्सेलाही जावं. तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतात, त्यात ना गोठा ना मेंढपाळ, "शब्द देह झाला" एवढंच. रात्री जाताना एक लक्षात ठेवा: कम्युनियनआधी, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी, एक तास काही खायचं नसतं, पाणी आणि औषध चालतं. निघताना केकचा तुकडा तोंडात टाकायची सवय इथे आडवी येते.

दानाची रक्कम आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच पाकिटात घालून बाजूला ठेवा. कपडे आणि मिठाई झाल्यावर उरेल ते द्यायचं ठरवलं, तर काही उरत नाही.

घरच्या गोठ्यात बाळ येशू २४ तारखेच्या रात्रीपर्यंत ठेवू नका, गव्हाण रिकामी राहू द्या. बाळाच्या दर्शनाला आलेले तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत किंवा कपाटावर ठेवा आणि मुलांना रोज थोडे पुढे सरकवू द्या. ते तीन राजांच्या सणाला पोचले पाहिजेत. भारतात तो सण जानेवारीच्या २ ते ८ तारखेमधल्या रविवारी असतो. गोठा त्यानंतर, प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण झाल्यावरच उचला. शेजारच्यांचा तारा केव्हाच उतरला असला तरी.